जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् मधी लिनक्स

नमस्कार. आत्ता ताईंनी ओळख करून देताना मला 'संगणकतज्ज्ञ' म्हणलं, ते पहिलं खोडतो. माझं गांधी पार्कापाशी कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली, अन् त्यातला निम्मा वेळ प्रिंटरमधी अडकलेला कागद काढण्यात गेलाय. मला इथं उभं करायचं कारण एवढंच की दिवाळीनंतर आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेतले आठ कॉम्प्युटर मी विंडोज काढून लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमवर टाकले अन् तेव्हापासून पोरं रस्त्यात गाडी थांबवून विचारायलेत, काका हे काय करून ठेवलं. दर एकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगू म्हणलं, तर समितीनं सरळ व्याख्यानमालेतली तारीखच देऊन टाकली.

पत्रिकेवर विषय लई मोठा छापलाय, 'जगभरातील सरकारे व उद्योगांची मुक्त संगणक प्रणालीकडे वाटचाल'. वाचून मलाच भ्या वाटलं. पण आपल्याकडं म्हणतेत ना, जगात जर्मनी अन् भारतात परभणी, तर आजची गोष्ट खरंच जर्मनीतून निघते अन् परभणीत येऊन थांबते, मधी थोडं फ्रान्स, थोडं केरळ.

आधी हे आठ कॉम्प्युटर. सगळे सेकंडहँड, कुठल्यातरी मोठ्या कंपनीनं काढून टाकलेले, चौथ्या अन् सहाव्या जनरेशनचे. चालतेत मस्त. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद, अन् विंडोज ११ टाकायचं तर इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर पाहिजे, टीपीएम नावाची सुरक्षेची चिप पाहिजे. म्हणजे बैल धडधाकट आहे पण दाखला नाही म्हणून बाजारात घेईनात, तसं झालं. नवे आठ घ्यायचे तर वाचनालयाची वर्षाची पुस्तकाची खरेदी गेली. म्हणून लिनक्स. आमचं कारण एवढं साधं होतं, देशबिश काही डोक्यात नव्हता.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय यात वेळ घालवत नाही. बटन दाबल्यावर जे आधी उभं राहतं अन् बाकी सगळ्या प्रोग्रामला मेमरी, डिस्क, प्रिंटर वाटून देतं ते. ओपन सोर्स मात्र नीट समजून घेऊ, अन् त्यासाठी शेतात जावं लागंल.

बीटी कापसाचं पाकीट दरसाल विकत घ्यावं लागतं, बरोबर? हायब्रीड आहे, त्याची सरकी राखून पेरली तर पुढच्या साली तसलं पीक येत नाही. सोयाबीनचं तसं नाही. सोयाबीन स्वपरागी, राशीतलं चांगलं बी बाजूला काढून ठेवलं की पुढच्या मृगात पेरता येतं. आपल्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ७१ इथं बसलेल्या किती जणांनी दुकानातून न आणता पाहुण्याकडून आणलंय, हात वर करा. बघा. आता हे चोरून केलं का? नाही. २००१ चा कायदा आहे, पिकाच्या वाणाचं संरक्षण अन् शेतकऱ्याचे हक्क असा, त्यात लिहून ठेवलंय की शेतकरी बी राखू शकतो, पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, विकू पण शकतो, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकायचं नाही.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसानं १९८३ ला मुक्त सॉफ्टवेअर बनवायचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला अन् नंतर जे लायसन लिहिलं, जीपीएल, ते जवळजवळ हेच आहे. वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, अन् वाटताना पुढच्याला पण हेच हक्क द्या. १९९१ ला फिनलंडमधी लिनस टॉरवल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या कॉलेजच्या पोरानं सिस्टीमचा गाभा लिहिला, त्याला कर्नल म्हणतेत, अन् पुढच्याच वर्षी तो याच लायसनखाली आणला. झालं लिनक्स. अन् ब्रँडची गोष्ट पण हुबेहूब तशीच बरं का. रेड हॅट कंपनीच्या सिस्टीमला जोड म्हणून लोकांनी तिच्या उघड्या कोडमधून अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स अशा सिस्टीम काढल्या, ते चालतं, पण वर रेड हॅटचं नाव टाकून विकता येत नाही. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एकटाच दुकानात हसलो.

आता जर्मनी.

म्युनिक महानगरपालिकेकडं १४ हजारांच्या आसपास कॉम्प्युटर होते, विंडोज एनटी नावाचं जुनं विंडोज, त्याचा सपोर्ट संपत आलेला. आमच्या आठ मशीनचं दुखणं अन् त्यांच्या १४ हजारांचं दुखणं एकच. २००३ ला त्यांनी ठरवलं लिनक्सवर जायचं. हे मायक्रोसॉफ्टला कळलं तेव्हा त्यांचे त्यावेळचे मुख्य साहेब स्टीव्ह बामर बर्फात स्कीइंग करायला सुट्टीवर गेले होते, ते सुट्टी मोडून महापौर ख्रिस्तियान उडे यांना भेटायला आले, भाव खाली आणला. मोंढ्यात गिऱ्हाईक उठून चाललं की आडत्या कसा मागून हाक मारतो, "अहो बसा हो, चहा तर घ्या", तसं. महापौर बसले नाहीत. २००६ पासून बदलायला सुरुवात झाली, स्वतःची लिनक्स बनवली, नाव ठेवलं लिमक्स, २०१३ पर्यंत १५ हजारांच्या आसपास मशीन त्यावर आणून काम पूर्ण झालं म्हणून जाहीर केलं. जगभर टाळ्या.

अन् २०१७ ला त्याच महापालिकेनं ठराव केला की परत विंडोज.

ह्या ठरावावर लोक अजून भांडतेत. एक बाजू म्हणते की मायक्रोसॉफ्टनं जर्मनीतलं मुख्य ऑफिस २०१६ ला म्युनिक शहरात आणलं, कर आला, रोजगार आला, मग बाकीचं तुम्हीच समजून घ्या. दुसरी बाजू म्हणते की कर्मचारी वैतागले होते, बाहेरून आलेल्या फायली नीट उघडंनात, खात्याखात्याची कॉम्प्युटरची माणसं वेगळी, तक्रार कोणाकडं करायची तेच कळंना. उडे २०१४ ला पायउतार झाले, नवे महापौर डीटर रायटर यांना त्यात रस नव्हता. अन् पुढं २०२० ला नवी आघाडी आली, तिनं पुन्हा करारात लिहिलं की जिथं जमंल तिथं ओपन सोर्स. आपल्याकडं रस्ता खोदून, बुजवून, परत खोदतेत तर आपण आपल्या महापालिकेला नावं ठेवतो, जर्मनीत पण चालतं म्हणायचं.

मला दुसरी बाजू जास्त पटते, अन् पटायचं कारण पुस्तकी नाही. माझी स्वतःची एक म्युनिक झालेली आहे, ती सांगतो.

२०११ ची गोष्ट. एक पतसंस्था, नाव घेत नाही, ११ मशीन, सगळ्यांवर लोकल विंडोज, लोकल म्हणजे तीस रुपयाच्या सीडीवरचं, तेव्हा सगळ्या गावात तेच होतं अन् टाकून देणारा मीच होतो, हे पण कबूल करतो. पेनड्राइव्हनं व्हायरस यायचा, महिन्यातून दोनदा मला फोन. मी नवाच लिनक्स शिकलो होतो, अंगात आलं होतं. चेअरमन साहेबांना म्हणलं व्हायरसची कटकट कायमची मिटवतो, एक रुपया लायसनचा नाही. शनिवारी संध्याकाळी बसलो, रविवारी रात्री एक वाजता ११ च्या ११ मशीन तयार. त्यांचं खात्यांचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमधलं, जुनं, ते पण डॉसबॉक्समधी, म्हणजे जुने प्रोग्राम चालवायच्या सॉफ्टवेअरमधी, चालवून दाखवलं. माझ्या मनानं मी जिंकलो होतो.

सोमवारी साडेदहाला पहिला खातेदार आला, धोतरवाले एक आजोबा, पिकाचे पैसे जमा झालेत का ते पासबुकावर छापून पाहिजे. कॅशियर मॅडमनी पासबुक प्रिंटरमधी घातलं. प्रिंटर कर्रकर्र वाजला अन् सगळी एंट्री पासबुकाच्या मधल्या शिवणीवर छापली, अर्धा आकडा डाव्या पानावर, अर्धा उजव्या. आजोबांनी पासबुक डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, मग माझ्याकडं बघून विचारलं, "पैसे दोन जागी ठेवले का?" त्या प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सला मिळतच नव्हता, मी दुसरा जवळचा म्हणून टाकलेला. दिवसभर पेननं एंट्र्या केल्या. मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त दर एंट्रीला पेनाचं टोपण माझ्याकडं बघत काढायच्या. मंगळवारी रात्री सगळं परत होतं तसं केलं, पैसे मागायची हिंमत झाली नाही.

चूक लिनक्सची होती का? मशीन एकदा पण अडकली नव्हती. चूक माझी होती, मी छत आधी उचललं अन् भिंती मागून बघू म्हणलं.

हेच काम उलट्या बाजूनं कोणी केलं ते ऐका. फ्रान्समधी जांदार्मरी म्हणून दल आहे, शहराबाहेरचं, खेड्यापाड्यातलं पोलिसिंग त्यांच्याकडं, आपल्याकडच्या ग्रामीण पोलिसासारखं म्हणा. त्यांनी २००५ ला विंडोजला हातच लावला नाही. फक्त वर्ड-एक्सेलच्या जागी ओपनऑफिस आणलं, विंडोजवरच. शिपायांनी शिव्या दिल्या असतील, दिल्या असतील, पण सवय झाली. २००६ ला ब्राउझर बदलला, फायरफॉक्स, अन् मेलसाठी थंडरबर्ड. परत विंडोजवरच. मग मायक्रोसॉफ्टनं एक्सपीनंतरचं नवं विंडोज, व्हिस्टा, आणलं. आता एक्सपीवरून व्हिस्टावर जायचं तर सगळ्यांना नवं शिकवावंच लागणार होतं, मग शिकवायचंच आहे तर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, का नको, असा त्यांनी हिशोब केला अन् २००८ ला जाहीर केलं. तोपर्यंत शिपायाचं सगळं रोजचं काम ज्या तीन प्रोग्राममधी होतं ते तीनही लिनक्सवर जसेच्या तसे दिसणार होते. खालची सिस्टीम बदलली तर बऱ्याच जणांना फक्त वॉलपेपर बदलल्यासारखं वाटलं असंल. आज एक लाखाहून जास्त मशीन त्यांच्या स्वतःच्या गेंडबुंटूवर आहेत. २० वर्षं झाली, कुठं टाळ्या नाहीत, कुठं गाजावाजा नाही.

हे मी पासबुकाच्या प्रकरणानंतर वाचलं. आधी वाचायला पाहिजे होतं.

केरळचं पण थोडंफार असंच, पण तिथं गंमत वेगळी आहे, तिथं मास्तर लोकांनी केलं. २००१ ला शाळांसाठी आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, सुरुवात विंडोजवरच होती. पुढं शिक्षक संघटना अन् फ्री सॉफ्टवेअरवाल्या लोकांनी रेटा लावला की सरकारी शाळेतल्या पोरांना एका कंपनीची वस्तू कामून शिकवायची, अन् काही वर्षांत सगळ्या शाळा लिनक्सवर आल्या. पण आधी काय केलं, तर शिक्षकांतूनच मास्टर ट्रेनर तयार केले, बाहेरचा इंजिनिअर आणून व्याख्यान नाही ठेवलं, म्हणजे माझ्यासारखा माणूस नाही आणला. दहावीची आयटीची प्रॅक्टिकल परीक्षाच त्यावर. ज्याच्यावर मार्क आहेत ते पोरं शिकतेतच, हे आपल्याला लातूर पॅटर्नच्या शेजाऱ्यांना कोणी सांगायला नको.

तिथले अधिकारी म्हणतेत ३००० कोटी रुपये वाचले. हा आकडा मी जरा उघडून बघितला. दोन लाख कॉम्प्युटर, दर कॉम्प्युटरमागं दीड लाखाचं लायसन, म्हणजे ३००० कोटी. आता एका शाळेच्या कॉम्प्युटरवर दीड लाखाचं सॉफ्टवेअर कोण घेणार होतं? त्यात चित्राचं, व्हिडिओचं, भूगोलाचं, सगळ्याचं लायसन धरलंय, अन् विकत घ्यायची वेळ आली असती तर सरकारनं अर्ध्याहून जास्त घेतलंच नसतं. मी केरळच्या बाजूचाच आहे, पण हा आकडा मी भाषणात वापरत नाही. आत्ता वापरला, सोडा.

पैशावरून आठवलं, मघाशी चहाच्या वेळी एका सरांनी विचारलं की फुकट आहे म्हणजे माल हलका असणार. रास्त शंका आहे. सर, तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइड आहे? मग खाली लिनक्सचाच कर्नल आहे. जगातले सगळ्यात ताकदवान ५०० सुपरकॉम्प्युटर मोजतेत, वर्षातून दोनदा यादी निघते, नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले ५०० च्या ५०० लिनक्सवर आहेत. अंतराळ स्थानकातले लॅपटॉप २०१३ ला डेबियन नावाच्या लिनक्सवर नेले. आयबीएमनं २००१ साली लिनक्सवर एक अब्ज डॉलर घालतो म्हणून सांगितलं होतं, तेव्हा लोक हसले, अन् त्याच आयबीएमनं २०१९ ला रेड हॅट ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. आता ज्या कंपनीचा माल कोणालाही उघडून बघता येतो तिचे ३४ अब्ज कशाचे आले? माल चालू ठेवण्याचे. रात्री दोनला बँकेचा सर्व्हर बसला तर फोन उचलणाऱ्याचे. माझ्या दुकानाचा धंदा पण तोच आहे, फक्त शून्यं कमी.

लंडनच्या शेअर बाजाराचं पण सांगतो. त्यांची ट्रेडिंगची यंत्रणा मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर होती, सप्टेंबर २००८ मधी एक दिवस ऐन गर्दीत तासन् तास बंद पडली. पुढं २०११ ला लिनक्सवरची नवी यंत्रणा आली. आता नवीवर पण सुरुवातीला अडचणी आल्या, ते लपवायला नको.

अन् एक गिटारवाला आहे, तो मला आमच्यातला वाटतो. कॅलिफोर्नियात एर्नी बॉल म्हणून गिटारच्या तारा करणारी नामांकित कंपनी. २००० साली सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेनं त्यांच्यावर धाड टाकली, काही मशीनवर लायसन नसलेलं सॉफ्टवेअर निघालं. तडजोड अन् वकील धरून एक लाख डॉलरच्या घरात गेले. मालकाला पैशापेक्षा बदनामी झोंबली, त्यानं सगळी कंपनी लिनक्सवर नेली. राग हे पण कारण असू शकतं, सगळं काही धोरणानं होत नाही.

हे झालं दुसऱ्याच्या घरचं. आता आपलं कुलूप.

आपल्याकडं डीटीपी ज्यांनी केलंय त्यांना माहिती, युनिकोडच्या आधी, म्हणजे दर अक्षराला सगळीकडं एकच नंबर ठरायच्या आधी, दर मराठी फॉन्टवाल्याचं अक्षराचं गणित वेगळं. कृतिदेवमधी इंग्रजी डी दाबलं की क उमटतो, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो डी च असतो, फक्त चित्र क चं. दुसऱ्या फॉन्टमधी क दुसऱ्याच जागी. अन् एका पॅकेजला तर कॉम्प्युटरच्या मागं डोंगल लावावं लागायचं, एवढुसं प्लास्टिकचं कुलूप, ते लावलं नाही तर स्वतः टाइप केलेली लग्नपत्रिका स्वतःला उघडत नाही. आपल्या वाचनालयाची १९९९ ची स्मरणिका आहे, तिच्यात जुन्या परभणीवरचे लेख आहेत, ज्यांनी लिहिले ते बरेच जण आता नाहीत. मागच्या महिन्यात ग्रंथपाल मॅडमनी मला ती सीडी दिली, म्हणल्या हे परत छापायचंय. सीडी चालली, २५ वर्षांनी चालली, त्याचंच मला नवल. फायली उघडल्या तर सगळा इंग्रजी कचरा, स्वल्पविराम, कंस, डॉलर. ते पॅकेज नाही, डोंगल तर केव्हाच हरवलं. आपल्याच गावातल्या माणसांनी आपल्याच भाषेत लिहिलेलं, आपल्याच कपाटात, अन् वाचता येत नाही. शेवटी छापलेली प्रत समोर ठेवून दोन पोरी परत टाइप करायल्यात, यावेळी युनिकोडमधी.

म्हणून जर्मनीतलंच एक राज्य, अगदी वरचं, डेन्मार्कला लागून, श्लेस्विग-होल्श्टाइन, त्यांनी काय केलं ते मला आवडतं. २०२४ ला ठरवलं की सरकारी ३० हजार कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टवरून काढायचे. पण विंडोज नाही काढलं आधी. आधी लिबरऑफिस, म्हणजे ओपनऑफिसचंच भावंड, अन् फायलीचा साचा ओपन डॉक्युमेंटचा, म्हणजे उद्या लिबरऑफिस पण नसलं तरी फाईल वाचता यावी. मग मेल, ४० हजारांच्या वर मेलबॉक्स ऑक्टोबर २०२५ पर्यंत हलवले. लिनक्स त्याच्या मागून. म्हणजे फ्रान्सच्या शिपायांचीच वाट, म्युनिकचं बघून शहाणे झालेले.

अन् त्यांना घाई का झाली? पैसा हे एक, पण खरं कारण दुसरं आहे, ते आपल्या देशात घडलं म्हणून इथलंच उदाहरण देतो. नायरा एनर्जी, गुजरातेत वाडीनारला त्यांची मोठी रिफायनरी, पंप आपल्याकडं पण आहेत. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची भागीदारी, म्हणून जुलै २०२५ मधी युरोपियन युनियननं निर्बंध लावले. मायक्रोसॉफ्टनं त्यांचे मेल अन् टीम्स बंद केले. आता बघा, कंपनी भारतात, ऑफिस भारतात, निर्बंध युरोपचे, सॉफ्टवेअर अमेरिकेचं, अन् कंपनीचं म्हणणं असं की लायसनचे पैसे पूर्ण भरलेले. दिल्ली हायकोर्टात गेले, मग काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. चूक कोणाची त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसलं की पैसे भरले म्हणजे घर आपलं झालं असं नाही, किल्ली दुसऱ्याच्या खुंटीला आहे.

आपल्या संरक्षण मंत्रालयानं २०२३ ला माया नावाची सिस्टीम आणली, उबुंटूवर बेतलेली. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची बॉस लिनक्स तर २००७ पासून आहे. २०१५ ला केंद्र सरकारनं धोरण काढलं की सरकारी कामात ओपन सोर्सचा विचार आधी करा, नाही घेतलं तर का नाही ते लिहून द्या. कागद चांगला आहे. किती ठिकाणी ते 'का नाही' लिहून दिलं जातं ते तुम्ही आपल्या जवळच्या कचेरीत डोकावून बघा, मी बोलत नाही, मला तिथले प्रिंटर दुरुस्त करायचे असतेत. अन् एक घोळ करू नका, स्वदेशी वेगळं अन् ओपन सोर्स वेगळं. केंद्र सरकारचे मेल आता झोहोवर गेले, आपल्या देशातली कंपनी आहे, चांगलं आहे, किल्ली निदान गावातल्या माणसाकडं आली. पण कुलूप उघडून आत काय आहे ते तिथं पण बघता येत नाही.

आता उघडं असलं की कोणी पण आत घुसंल, असं मागून कोणीतरी म्हणलं. घुसतेत. खरंच घुसले होते. २०२४ चा मार्च. एक्सझेड नावाचं फायली दाबून छोट्या करायचं बारीक सॉफ्टवेअर, जवळजवळ सगळ्या लिनक्समधी असतं, अन् सांभाळणारा एक थकलेला माणूस. एकजण जिया टॅन नावानं आला, दोन-अडीच वर्षं इमानदारीनं मदत केली, विश्वास कमावला, अन् मग हळूच चोरदरवाजा घातला. सालगडी म्हणून राहिला अन् विहिरीचा नकाशा काढला, तसं. ते जगभर पसरायच्या बेतात होतं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला जाणवलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागायला. अर्धा सेकंद. आपण म्हणलो असतो नेट स्लो आहे. त्यानं कोड उघडला, खोदत गेला, चोर सापडला. अन् हा माणूस नोकरीला कुठं, तर मायक्रोसॉफ्टमधी!

घरचं सोयाबीन पेरायच्या आधी आपण काय करतो, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, सात-आठ दिवसांनी मोजतो, सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं. राखलेलं बी आहे म्हणून डोळे झाकून पेरलं तर दुबार पेरणी ठरलेली. कोड उघडा असून कोणी बघितलाच नाही तर त्याचं पण तसंच. २०१४ ला ओपनएसएसएलमधी, म्हणजे नेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधी, असं भोक निघालं होतं, हार्टब्लीड म्हणून, दोन वर्षं उघड्यावर पडलेलं, कारण ज्याच्यावर जगातल्या बँका चालायच्या ते सांभाळणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याएवढी. फुकट वापरणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी त्यांना चहाला पण विचारलं नव्हतं. ह्या बाबतीत मला कंपन्यांचा राग आहे, अन् थोडा आपला पण, मी इतकी वर्षं वापरायलो, पहिल्यांदा पाचशे रुपये देणगी दिली ती गेल्या वर्षी.

बरं. आपल्या आठ मशीनचं काय झालं ते सांगून बसतो.

यावेळी मी शिकलेलो होतो. जूनमधीच, विंडोज असतानाच, सगळ्यांवर लिबरऑफिस अन् फायरफॉक्स टाकून ठेवलं, कोणाला सांगितलं पण नाही. चार महिने पोरांनी त्यावर अर्ज भरले, पीडीएफ काढल्या. प्रिंटर आधी घरी नेऊन लिनक्सवर चालवून बघितला, दोन्ही बाजूंनी छापून. नोव्हेंबरमधी एकच मशीन बदललं, आठवड्यानं दोन, मग बाकीची. तक्रार आली ती भलतीकडूनच. टायपिंग. आपल्या पोरांचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर, बसलेला, अन् लिनक्सवर मराठी म्हणलं की आधी इनस्क्रिप्ट नावाचा वेगळा कीबोर्ड येतो. पोरगं क दाबायला जायचं अन् भलतंच उमटायचं. दोन दिवस लागले मला रेमिंग्टनचा लेआउट नीट बसवायला, र चा रफार जागेवर यायला तिसरा दिवस. कोड उघडा होता म्हणून बसवता तरी आला.

अन् मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करायल्यात त्या याच्यासाठीच, मला माहिती आहे. हो, टायपिंगच्या परीक्षेच्या सरावाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, मी चार प्रकारे करून बघितलं. म्हणून खिडकीजवळ ग्रंथपाल मॅडमच्या जुन्या टेबलावर नववं मशीन ठेवलंय, त्यावर विंडोजच आहे, लायसन विकत घेतलेलं, पावती फाईलला लावलीय. परीक्षा होईपर्यंत त्यावर टायपिंगवाल्यांचा नंबर आधी, दुपारी एक ते चार. गाणे ऐकायला बसू नका तिथं.